एक दिवसाची म्हणून आलेली बदकपिल्लं: पाचांत तीन तारे

घाटावरच्या एका हॅचरीतून, म्हणजे मशिनमध्ये अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांकडून, गेल्या ऑक्टोबरात खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची दहा पिल्लं मागवली. हॅचरीचं नाव लिहीत नाही, आमचं भांडण फोनवर मिटलेलं आहे. पण पिल्लं बल्बखाली वाढवायची नसून घरच्या मादीच्या पोटाखाली सोडायची असतील, तर मागवताना काय विचारायचं हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. म्हणून मी लिहितो.

मी कणकवलीजवळ राहतो. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, आता निवृत्त. घरी थोडी भातशेती, सात कोंबड्या आणि मस्कोव्ही जातीच्या बदकाची एक मादी. तिला आम्ही ‘मालकीण’ म्हणतो, कारण मांगर (घराशेजारचा गोठा-कोठार) आमचा असला तरी कोण आत येणार आणि कोण नाही हे ती ठरवते. तिचा नर मे महिन्यात कोल्ह्याने नेला. तरी सप्टेंबरात तिने मांगरातल्या जुन्या घमेल्यामागे पेंढ्यात अंडी घातली, छातीची पिसं उपटून गादी केली आणि ठाण मांडलं. आमच्याकडे याला रवणीवर बसणं म्हणतात, घाटावर खुडूक होणं. या एका शब्दावरून पुढे फोनवर पाच मिनिटं गेली, ते सांगतोच.

दहाव्या दिवशी रात्री एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहिलं. अंडं धरलेलं असतं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसायला हव्यात. चौदाच्या चौदा अंड्यांत नुसता पिवळा गोळा डुलत होता. नरच नाही, तर येणार कुठून? उठवून लावायची म्हटलं तर जीव होईना. आई म्हणाली, बसूंदे तिका, पिल्लां हाडून घालूया. मग कुजून फुटण्याआधी अंडी काढली आणि गडनदीतून आणलेले पाच गुळगुळीत गोटे तिच्याखाली सरकवले. पुढचे वीस-बावीस दिवस ती बाई गोटे उबवत होती. दिवसातून एकदाच उठायची, घाईघाईत खायची, पाणी प्यायची, नाक धरायला लावणारी एक मोठी शीट टाकायची आणि परत धावत जागेवर.

मस्कोव्हीची अंडी पस्तीस दिवस घेतात, बाकीच्या बदकांची अठ्ठावीस. म्हणजे तिच्या हिशेबाने पिल्लं यायची वेळ साधारण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. आठवडाभर बसलेल्या मादीला अचानक पिल्लं दिली तर ती गोंधळते, आणि फार दिवस रखडवली तर तीच खंगते. त्यामुळे मला पिल्लं ठरलेल्या दिवशी हवी होती. वेळापत्रकाच्या बाबतीत मी जरा कडक माणूस आहे.

आता हॅचरीकडे वळतो.

मस्कोव्हीची पिल्लं त्यांच्याकडे नव्हती, कॅम्पबेल होती. हरकत नव्हती. कॅम्पबेल म्हणजे अंड्यांची जात, चांगली मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. ही जात इंग्लंडमध्ये एका बाईने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तयार केली, आणि इतकी अंडी देण्याची किंमत अशी की ही मादी स्वतः सहसा रवणीवर बसतच नाही. बसली की अंडी थांबतात, म्हणून न बसणाऱ्याच निवडत गेले. त्यामुळे देशभरातली बहुतेक कॅम्पबेल मशिनमध्ये जन्मतात आणि बल्बखाली वाढतात. हॅचरीवाल्यांना आईखाली पिल्लं सोडणारं गिऱ्हाईक भेटतच नसणार, हे मला नंतर उमगलं.

फोनवर मी म्हटलं, “आमची बदक रवणीवर बसलीय, तिच्याखाली सोडायचीत.”

“कशावर बसलीय, काका?”

“रवणीवर. अंड्यांवर.”

“मग अंडी आहेत ना तुमच्याकडे. पिल्लं कशाला?”

शेवटी ‘खुडूक’ म्हटल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. बोलणारा पोरगा विशीतला असावा, पण बोलायला नम्र, आणि फोन पहिल्या रिंगला उचलतो. हा एक तारा त्याचाच. किमान ऑर्डर पन्नासची होती, पण सावंतवाडीकडच्या कुणाच्या मोठ्या ऑर्डरीत माझी दहा पिल्लं घालून देतो म्हणाला. दर नगाला ७५ रुपये, डब्याचे ५०, ट्रॅव्हल्सचे १५०. वाटेत मरतील म्हणून दोन जादा, त्याबदल्यात नंतर पैसे परत नाहीत. नर-मादी ओळखून मिळणार नाही हेही त्याने स्वतःहून सांगितलं. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं. इथवर तक्रार नाही.

मी एकच गोष्ट तीनदा विचारली: मशिनमधून बाहेर पडून किती तास झालेले असतील? तो म्हणाला, शुक्रवारी सकाळची हॅच, शुक्रवारी रात्री गाडीत, शनिवारी पहाटे तुमच्याकडे. “आणि काका, तासांनी काय फरक पडतो? बल्ब लावा, झालं.”

फरक पडतो. माझी मुलगी प्राणिशास्त्र शिकते, तिने समजावलं. अंड्यातून आल्यावर पहिल्या दिवसाभरात पिल्लू समोर हलणाऱ्या, आवाज करणाऱ्या वस्तूच्या मागे जायला शिकतं, आणि तीच त्याची आई ठरते. कोनराड लॉरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाच्या मागे हंसजातीची पिल्लं रांगेने चालत, त्याला पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं. हेस नावाच्या दुसऱ्याने मॅलार्ड बदकाच्या पिल्लांवर प्रयोग केले, तर हा ठसा सर्वांत पक्का बसण्याची वेळ जन्मानंतर १३ ते १६ तास निघाली. मॅलार्ड म्हणजे कॅम्पबेलच्या पूर्वजांतलाच. मला सोळा तास गाठता येणार नव्हतेच, पण दीड दिवसाच्या आत काम झालं तर आशा होती. ही झाली पिल्लांची बाजू. आईची बाजू याहून अवघड, कारण तिला बाहेर आलेलं पिल्लू नुकतं आलेलं वाटायला हवं.

गाडी सव्वाचारला यायची ती पाच चाळीसला आली. फोंडा घाटात काहीतरी अडकलं होतं, त्याचा दोष कुणाला देत नाही, घाट मला माहीत आहे. पण डबा कुठे होता? मागच्या डिकीत, इंजिनाच्या अंगाला. तीस वर्षं पार्सलं पाहिलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते लिहीत नाही. ड्रायव्हरला म्हटलं, जिवंत माल केबिनमध्ये ठेवायचा असतो. तो म्हणाला, लिहिलेलं कुठे आहे? आणि खरंच, डब्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. हॅचरीने एक लाल स्टिकर लावलं असतं तर काम झालं असतं. अर्धा तारा गेला.

पुठ्ठ्याचा डबा भोकाभोकांचा, हवेशीर, तो चांगला. आत तळाला मात्र वर्तमानपत्र. ओल्या कागदावर बदकाच्या पिल्लाचे पाय फाकतात, आणि पहिल्या दोन दिवसांत फाकले तर ते पिल्लू पुढे नीट चालत नाही. गोणपाटाचा तुकडा किंवा पेंढा टाकायला काय खर्च येतो? उरलेला अर्धा तारा इथे गेला.

बारा पिल्लं मोजली. एक मेलेलं, अकरा जिवंत. भात कापणीचे दिवस, ही आणि मुलगी शेतात जायच्या तयारीत होत्या, तरी सगळं सोडून डब्याभोवती बसलो. प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात बुडवून दिली, पाण्यात चिमूटभर गूळ आणि बी-कॉम्प्लेक्सचे थेंब. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे एक बी जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, कमी पडलं तर पाय वाकडे होतात, आणि नुसत्या कोंबडीच्या खाद्यात ते पुरेसं नसतं. पाणी देताना चोच पूर्ण बुडेल इतकी खोली हवी, नाकपुड्या धुता यायला हव्यात, पण पोहता येईल इतकी नको. खोलगट ताटलीत गोटे घालून ठेवली की जमतं. शेंगदाण्याची पेंड पिल्लांना दाखवूही नका. जुनाट पेंडीत बुरशीचं विष असू शकतं आणि बदक त्याला इतर पक्ष्यांपेक्षा फार लवकर बळी पडतं.

तर पाणी पाजताना लक्षात आलं की अकरातली तीन पिल्लं वेगळी आहेत. आठांच्या चोचीच्या टोकावर तो बारीक पांढरा दाणा होता, ज्याने पिल्लू अंडं फोडतं आणि जो थोड्याच दिवसांत गळून जातो. बेंबीची जागाही ओलसर-कोवळी. या तिघांना दाणा नाही, पोट साफ बंद, अंगाने थोराड, आणि खाद्य दिसताच दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन पुढे. मागच्या मंगळवारच्या हॅचमधली उरलेली पिल्लं, माझ्या डब्यात भरतीला घातलेली. एक दिवसाच्या पावतीवर चार दिवसांचे प्रवासी!

फोन लावला. या वेळी मालक स्वतः बोलले. त्यांचं म्हणणं शब्दशः असं: “अहो, मोठं पिल्लू दिलं म्हणजे तुमचा फायदाच झाला ना? मरायचे दिवस त्याचे गेले.”

आणि खरं सांगू, बल्बखाली वाढवणाऱ्याच्या नजरेने ते बरोबरच बोलत होते. सावंतवाडीच्या माणसाला चार दिवसांची पिल्लं गेली असती तर त्याने आभार मानले असते. म्हणून मी एकाच वेळी या हॅचरीला नावंही ठेवतो आणि चांगलंही म्हणतो. गंडवणूक नव्हती, त्यांना माझा धंदाच कळला नव्हता. पण मी तीनदा विचारलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं, तर डबा भरणाऱ्याला सांगायला हवं होतं. एक पूर्ण तारा कापला.

दिवसभर पिल्लं बल्बखाली. आता गंमत बघा, उबेसाठी साधा तारेचा बल्ब लागतो, एलईडी उजेड देतो पण त्याच्यावर पापडही भाजत नाही. आणि कणकवलीच्या बाजारात साधा साठचा बल्ब मिळेना. चौथ्या दुकानात, वरच्या फळीवरून धूळ झटकून एक काढून दिला. पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास ऊब लागते. पिल्लं बल्बाखाली एकमेकांवर चढली तर थंडी, कडेला पळाली तर गरमी, विखरून झोपली तर ठीक. थर्मामीटर नसला तरी चालतं.

खाली सोडायची रात्र.

आई ओसरीवरून सूचना देत होती. “रातीच घाल. उजेडात घातलंस तर टोचून मारतली. आणि हात खालसून घाल, वरसून नको.” वरून आलेला हात मादीला घारीसारखा वाटतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने साठ वर्षं कोंबड्या बसवल्या होत्या. कोजागिरी होऊन तीनच दिवस झाले होते, चांदणं दारातून थेट आत येत होतं, म्हणून दारावर गोणपाट टांगलं. टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळलं.

साडेदहाला आत गेलो. मालकिणीने डोक्यावरची पिसं उभी केली आणि फुसकारली. मस्कोव्हीला बाकी बदकांसारखं क्वॅक क्वॅक करता येत नाही, नर फुसफुसतो, मादी हळू शीळ घातल्यासारखं काहीतरी करते. उजव्या हाताने खालून पहिला गोटा काढला. तो इतका गरम होता की क्षणभर पोटात तुटलं. त्याच जागी पिल्लू ठेवलं. तिने मनगट धरलं आणि पिळलं. बोंब मारली असती तर सगळं फिसकटलं असतं, म्हणून ओठ चावून बसलो.

दोन पिल्लं ठेवून थांबलो. पेंढ्यात बसून वीस मिनिटं काहीच कळेना. पिल्लं आत चिवचिवत होती, हरवल्यासारखा चढा आवाज. मग आवाज उतरत गेला, बारीक झाला, आणि वरून तिची ती शीळ सुरू झाली, अगदी खालच्या पट्टीत. बत्तीस दिवसांत ती आम्ही एकदाही ऐकली नव्हती. मुलगी दाराशी उभी होती, तिने माझा खांदा दाबला. त्यानंतर तीन-तीन करत बाकीची सोडली, प्रत्येक खेपेला गोटे कमी केले. शेवटी ती तीन थोराड पिल्लंही सोडली, आठांच्या मधोमध सरकवून, कारण अंधारात खपून जातील असं वाटलं. अकरा पिल्लं आत घेऊन ती पंख फुगवून बसली तेव्हा गर्दीच्या दिवशीची कणकवली-मालवण आठवली. पुढे सरका, पुढे सरका.

रात्री तीनदा जाऊन कान लावला. शांत होतं.

पहाटे मात्र तिथे थांबायलाच हवं होतं, थांबलो ते बरं केलं. उजेड पडताच आठ पिल्लं तिच्या छातीखालून डोकी काढून बघत होती. थोराड तिघांपैकी दोन बाहेर भिंतीशी. त्यांना ऊब नको होती आणि तिची हाकही कळत नव्हती, त्यांना खाद्य हवं होतं. एक जण तिच्या पुढ्यातून धावत गेलं तशी तिने मान धरून त्याला फेकलं. मानेचं कातडं सोललं. मी दोघांना उचललं आणि परत बल्बखाली नेलं. तिसरं मात्र तिच्याच पंखाखाली होतं आणि तिथेच राहिलं! वय सारखं, डबा सारखा, मशीन सारखं. का, ते विचारू नका. मुलगीही गप्प बसली.

म्हणजे आईकडे नऊ. तिसऱ्या दिवशी एक पायाखाली चिरडलं. मस्कोव्ही जड असते, नख्या मांजरासारख्या. जागा जरा रुंद करून द्यायला हवी होती, ती चूक माझी. हॅचरीच्या खात्यात घालत नाही.

नंतरचे दिवस म्हणजे आठ विरुद्ध दोन असा सामनाच होता. चौथ्या दिवशी मालकीण आठांना घेऊन पाटाच्या पाण्यात उतरली, पाच मिनिटांत बाहेर काढली, पोटाखाली घेऊन सुकवली, परत नेली. बल्बवाल्या दोघांना त्याच दिवशी हौसेने परातीत सोडलं तर भिजून चिंब, थरथर कापायला लागली, टॉवेलात गुंडाळून चुलीजवळ धरावी लागली. आईशिवाय वाढणाऱ्या पिल्लाला पहिले काही आठवडे पोहायला सोडू नये हे वाचलं होतं, पण वाचलेलं आणि कळलेलं यात एक चिंब पिल्लू जातं. आठ जणं गोगलगायी शोधायला आठवड्यात शिकली. दोघं माझ्या चपलेच्या मागून फिरायची, संडासाच्या दारापर्यंत. कावळा आला की आठ जणं तिच्याखाली गायब, आणि दोघं मान वर करून कावळ्याकडे बघत उभी. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं कावळा म्हणजे काय.

महिनाभराने दोघांना कळपात सोडलं. ती पळवून लावायची, पण आठ जणांनी घेतलं.

एक भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. मस्कोव्ही रात्री उंचावर बसते, मांगराच्या वाशावर तिची जागा ठरलेली. कॅम्पबेल जमिनीवरची जात, उडण्याच्या नावाने बोंब. पिल्लं लहान होती तोवर ती खालीच निजली. डिसेंबरात एका संध्याकाळी ती फडफडत वाशावर गेली आणि तिथून हळू शीळ घालू लागली. खाली दहा जणं माना वर करून उभी. ती परत खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा शीळ. असं चार-पाच दिवस. मग तिने नाद सोडला.

पाचव्या महिन्यात हिशेब लागला. दहापैकी सहा नर. शेपटीवरचं वळलेलं पीस आणि घोगरा आवाज, शंकाच नाही. यावर तक्रार करणार नाही, तो पोरगा आधीच बोलला होता. चार माद्या मार्चपासून अंडी देताहेत, पहाटे, कुठेही, चालता चालता. गोळा करायला आईला काठी घेऊन फिरावं लागतं.

तर मागवायची असतील तर मागवा. पिल्लं निरोगी होती, दर वाजवी, फोन उचलतात, बोललेल्या पैशांत बदल नाही. बल्बखाली वाढवणार असाल तर माझ्या तीनमध्ये एक तारा वाढवून वाचा. आईखाली सोडणार असाल तर एकाच हॅचची पिल्लं हवीत हे लिहून घ्या, डबा भरतानाचा फोटो मागा, त्यात चोचीवरचे दाणे मोजा, आणि गाडीत केबिनमध्ये डबा ठेवायला ड्रायव्हरला स्वतः फोन करा.

परवा मालकीण पुन्हा घमेल्यामागे शिरली. गोटे मी धुऊन ठेवलेत.